कोगो : करंड्याएवढी डबी

(दृश्य : खिडकीचा उजेड, झाकणावर टेकलेली बोटं)

आपल्याकडच्या कुंकवाच्या करंड्याएवढी ही डबी. जपानी लोक हिला कोगो म्हणतात. चहाच्या विधीत धूप ठेवायला ही वापरतात, एवढंच हिचं काम. पण झाकणाकडे बघा. ऐन थंडीत फुलणाऱ्या उमेची, म्हणजे जपानी आलुबुखाराची, फांदी झाकणावरून खाली उतरते आणि तशीच डबीच्या अंगावर जाते. झाकण जरा फिरलं, की फांदी तुटते.

(दृश्य : कार्यशाळा, मातीचे हात)

क्योतो शहर. साच्यात माती दाबून डबी आणि झाकण घडतंय. दोन्ही एकाच मातीचे, भट्टीतही जोडीनंच जाणार. वाळताना आणि भाजताना माती 10 ते 15 टक्के आक्रसते. दोघांनी सारखंच आक्रसायला हवं. एक जरी वाकडं निघालं, तरी जोडी गेली.

पहिल्या भाजणीनंतर काचलेप, मग 1200 अंशांच्या वरची दुसरी भाजणी. चित्र त्यानंतर. हे रंग म्हणजे काचेची पूड. तांब्यानं हिरवा येतो, लोहानं लाल. आता कुंचला जवळून बघा. लाल रंग पातळ ओढला जातो, हिरवा मात्र थेंबासारखा अलगद ठेवावा लागतो. आणि तो अजून हिरवा दिसतच नाही, राखेसारखा दिसतो! भट्टीतून तो कसा उजळून येईल, हे कारागिरानं मनातच बघायचं. ही तिसरी भाजणी 800 अंशांच्या आसपास. सोन्याची रेघ सगळ्यात शेवटी, आणखी मंद आचेवर.

ही रंगीत चित्रकारी क्योतोत रुजवली 17 व्या शतकात नोनोमुरा निन्सेई या कुंभारानं. त्याची भट्टी निन्नाजी मंदिरासमोर होती. नावातलं 'निन' त्या मंदिराचंच. त्याच परंपरेतल्या ओगाता केन्झाननं 1699 मध्ये क्योतोतल्याच नारुताकीला आपली भट्टी लावली.

(दृश्य : जुना छापील तक्ता)

आणि हे बघा. 1855 सालचा तक्ता. सुमो पैलवानांची क्रमवारी लावतात, तशी इथे कोगोंची लावली आहे, पूर्व गट आणि पश्चिम गट पाडून. पूर्वेला सर्वांत वर आहे 'कोची' शैलीतलं, म्हणजे दक्षिण चीनच्या रंगीत काचलेपाच्या भांड्यांच्या धाटणीचं, मोठं कासव. एवढ्याशा डब्यांवर लोकांनी किती जीव लावला असेल!

फ्रान्सचे एकेकाळचे पंतप्रधान जॉर्ज क्लेमांसो यांनी तर तीन हजारांहून जास्त कोगो जमवल्या. तो संग्रह आज कॅनडात, मॉन्ट्रियलच्या संग्रहालयात आहे. तिथे तो जपला जातो, हे चांगलंच. पण कोगो काचेआड बघण्याची वस्तू नाही. ती उघडावी लागते.

इकडे क्योतोत धुरावर निर्बंध आले, शहरातल्या लाकडाच्या भट्ट्या विझल्या, चहाचा विधी शिकणारेही कमी झाले.

(दृश्य : चहाची खोली, जमिनीतली चूल)

नोव्हेंबर ते एप्रिल, चूल जमिनीत असते. या दिवसांत धूप मधात मळलेला, ओलसर. म्हणून डबी चिनीमातीची. उन्हाळ्यात चंदनाचे सुके तुकडे जाळतात, तेव्हा लाकडाची. उत्तम चंदन म्हणजे भारतातलं, हे तिथेही मानतात.

निखाऱ्यांवर कोळसे रचून झाले. यजमान झाकण उचलतात. आत कॅमेलियाचं हिरवं पान, पानावर धुपाच्या तीन काळ्या गोळ्या. एक निखाऱ्याशी, एक थोडी लांब. तिसरी पानावरच राहते.

आता मुख्य पाहुणे वाकून डबी बघायला मागतील. यजमान झाकण लावून, डबीची दर्शनी बाजू पाहुण्यांकडे करून ती पुढे ठेवतात.

(निवेदन थांबतं. डबी एका हातातून दुसऱ्या हातात.)

झाकण उघडतं. गोळी अजून ओली आहे.