दारात आलेला प्रचारक: काय बोलावे, कुठे थांबावे

मंडळी, आज समोर येत्या ऑगस्टमध्ये परदेशी शिकायला निघालेली मुले बसली आहेत, आणि मुलांच्या घरी चार-सहा महिने राहायला जाणारे आईवडीलही. दोघांनाही एक प्रसंग बहुधा येतोच. अनोळखी माणूस हसतमुखाने समोर येतो आणि बोलता बोलता आपल्या धर्माचे निमंत्रण देतो. त्याच्याशी कसे वागावे, एवढ्यावरच मी बोलणार आहे. कोणता धर्म खरा, या वादात आज जायचे नाही.

आधी एक आकडा सांगतो, कारण पुढचे सगळे बोलणे त्यावर उभे आहे. रॉडनी स्टार्क आणि विल्यम बेनब्रिज या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९८० साली वॉशिंग्टन राज्यातल्या मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथाच्या प्रचारकांच्या कामाची आकडेवारी मांडली. अनोळखी घरांची दारे ठोठावून झालेल्या संपर्कांतून हजारात एखादा माणूस पंथात येत होता. तीच भेट एखाद्या मॉर्मन मित्राच्या घरी झाली, तर निम्मे लोक येत होते. प्रचारक तेच आणि शिकवणही तीच. फरक पडला तो ओळखीने. अनोळखी माणसाच्या बोलण्याने सहसा कोणी धर्म बदलत नाही. ओळखीच्या, जिव्हाळ्याच्या झालेल्या माणसामुळे बदलतो. म्हणून सांभाळायची जागा देव आहे की नाही या चर्चेत नसते. आपण फोन नंबर कधी दिला, ‘शनिवारी या’ कधी म्हटले, फुकटची मदत कधी घेतली, तिथे ती असते. ओळख वाढवायची असेल तर जरूर वाढवा, पण ठरवून. नकळत वाढू देऊ नका.

आता दारापासून सुरुवात करू. दुपारची वेळ, मुलगा-सून कामावर, घरात आजी-आजोबा दोघेच, आणि बेल वाजते. बाहेर बहुतेक वेळा दोघे जण असतात. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी लावलेली तरुण पोरे असतील तर ते मॉर्मन. मुलगे दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष हे काम करतात, तेही बहुधा स्वतःच्या किंवा घरच्यांच्या खर्चाने. नीटनेटक्या कपड्यांतले, हातात बॅग किंवा टॅब्लेट घेतलेले जोडपे असेल तर ते ‘यहोवाचे साक्षीदार’ या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे असण्याची शक्यता मोठी. त्यांचे साहित्य मराठीतही निघते, त्यामुळे परक्या देशात दारातला माणूस मराठी पत्रक पुढे करतो आणि आपण विरघळतो. विरघळणे स्वाभाविक आहे. तिथे दिवसभर मराठी बोलायला कोणी नसते.

पहिली चूक होते ती आदरातिथ्यातून. आपण दार उघडतो, ‘या, बसा’ म्हणतो, चहा टाकतो. आपल्या लेखी तो चहा असतो, त्यांच्या लेखी ती पहिली बैठक होते. दुसरी चूक म्हणजे मान डोलावणे. समोरचा बोलतोय तोवर ‘हो, हो’ म्हणत राहायची आपली सवय. त्याला ती संमती वाटते. तिसरी आणि सगळ्यांत मोठी चूक म्हणजे ‘बघू’, ‘नंतर या’, ‘आत्ता वेळ नाही’. आपण हे नकार म्हणून बोलतो. प्रचारक मात्र कोणत्या घरी कोण भेटले, कोणाला रस वाटला, पुन्हा कधी जायचे, याची नोंद ठेवतात. ‘आत्ता वेळ नाही’ याचे उत्तर ‘मग गुरुवारी चालेल?’ असेच येणार, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

म्हणून नकार पहिल्या अर्ध्या मिनिटात, पूर्ण आणि कारणाशिवाय द्यावा. जाळीचे दार किंवा साखळी लावलेली ठेवून म्हणा: ‘नो, थँक यू. वी आर नॉट इंटरेस्टेड. प्लीज डोन्ट कम टू धिस अ‍ॅड्रेस अगेन.’ तीनच वाक्ये आहेत. मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि आजीकडून दोन-चारदा म्हणवून घ्या. इंग्रजी अडखळले की माणूस घाबरून ‘यस, यस’ म्हणतो, म्हणून हा सराव लागतो. ‘आम्ही हिंदू आहोत’ असे कारण सांगू नका, तिथून नवा प्रश्न निघतो. ‘मुलगा-सून घरी नाहीत’ हे तर कधीच सांगू नका. धर्माचे राहू द्या, घरात म्हातारी माणसे एकटी आहेत हे कोणाही अनोळखी माणसाला कळता कामा नये. तिसऱ्या वाक्याला विशेष महत्त्व आहे. ‘या पत्त्यावर येऊ नका’ असे स्पष्ट सांगितले, तर यहोवाचे साक्षीदार ते घर बाजूला नोंदवतात आणि सहसा टाळतात. काही वर्षांनी कोणी पुन्हा चौकशीला आले, तर तेच वाक्य तितक्याच शांतपणे म्हणायचे.

उन्हात आलेल्या पोरांना पाण्याची बाटली द्यायला काहीच हरकत नाही. अठरा-एकोणीस वर्षांची, घरापासून लांब आलेली मुले असतात ती. पाणी दिले म्हणजे वेळही द्यायला हवा, असे नाही.

दारावरच्या पाटीबद्दल नेहमी विचारले जाते. अमेरिकेत नुसते ‘नो सॉलिसिटिंग’ (विकायला-मागायला येऊ नये) लिहिले तर बरेच प्रचारक ती पाटी विक्रेत्यांसाठी आहे असे मानतात. धार्मिक भेटी नकोत, असे त्यात वेगळे लिहा. कायद्याची बाजूही समजून घ्या. १९४३ सालच्या स्ट्रदर्स खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पत्रके वाटायला आलेल्याने बेल वाजवू नये अशी सरसकट बंदी गावाला घालता येणार नाही. नको म्हणायचे की नाही, हे घरमालकाने ठरवावे. ओहायो राज्यातल्या स्ट्रॅटन गावाने घरोघरी फिरण्यासाठी परवान्याची अट घातली होती, तीही न्यायालयाने २००२ साली धर्मप्रचारकांच्या बाबतीत रद्द केली. म्हणजे बेल वाजवणे गुन्हा नाही, पण नकाराचा अधिकार पूर्णपणे तुमचा. सांगूनही कोणी दारातून हलत नसेल, तरच पोलिसांना फोन करा. युरोपात राहणाऱ्यांच्या हाती आणखी एक साधन आहे. १० जुलै २०१८ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने फिनलंडच्या प्रकरणात निकाल दिला की, घरोघरी फिरताना यहोवाचे साक्षीदार लोकांबद्दल ज्या नोंदी घेतात, त्यांना विदासंरक्षणाचा, म्हणजे वैयक्तिक माहिती जपण्याचा, कायदा लागू होतो. आपल्याबद्दल काय लिहून ठेवले आहे, ते विचारता येते आणि खोडायलाही सांगता येते.

वाद घालू का, असे तरुण मुले विचारतात. आपल्याकडे वादाची परंपरा मोठी. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले, तेव्हा ऐकायला गर्दी जमत असे. पण ते वाद जाहीर होते, दोन्ही बाजू तयारीच्या होत्या आणि ऐकणारे साक्षीला होते. दारातला प्रचारक एकच विषय रोज बोलतो, तुमच्या हरकती त्याने शंभरदा ऐकलेल्या असतात आणि त्याची उत्तरे तयार असतात. शिवाय वाद रंगला की तासभर जातो आणि ‘पुढचा मुद्दा पुढच्या वेळी’ असे ठरते. जिंकलात तरी ओळख वाढतेच. मनापासून जिज्ञासा असेल तर त्यांचा ग्रंथ स्वतः घरी वाचा, त्यांच्यावर टीका करणाऱ्याचेही वाचा.

आता विद्यापीठाकडे वळू, कारण खरी काळजी मला तिथली वाटते. पहिल्या सहा आठवड्यांत मुलगा एकटा असतो, जेवणाचे हाल, थंडी सुरू व्हायची असते. अशा वेळी विमानतळावरून आणायला गाडी, जुनी गादी-टेबल, शुक्रवारी फुकट जेवण, इंग्रजी संभाषणाचा वर्ग, हे सगळे धार्मिक मंडळांकडून मिळते. त्यातली बरीच माणसे मनाने चांगली असतात, तेव्हा मदत घ्यायला घाबरू नका. फक्त घेण्याआधी विचारा: संस्थेचे पूर्ण नाव काय? कार्यक्रमात प्रार्थना किंवा ग्रंथवाचन असेल का? मी पुढे आलो नाही तर चालेल का? उघडपणे काम करणारा गट सरळ उत्तरे देतो. ‘नाव महत्त्वाचे नाही’, ‘आधी या तर खरे’, असे उत्तर आले की तिथेच थांबा.

नाव लपवणे हीच धोक्याची मोठी खूण आहे. दक्षिण कोरियातल्या शिनचॉन्जी पंथाचे सदस्य आपली ओळख लपवून लोकांना अभ्यासवर्गांत आणतात, हे २०२० साली देगू शहरात करोनाची साथ पसरली तेव्हा जगासमोर आले. बाकीच्या खुणाही पाठ करा. रोज संदेश येऊ लागतात. आठवड्याची एक भेट तीनवर जाते. ‘घरच्यांना इतक्यात सांगू नकोस, त्यांना समजणार नाही’ असे सांगितले जाते. जुने मित्र सुटू लागतात. शिबिराच्या शेवटच्या रात्री, झोप अपुरी झालेली असताना, आत्ताच निर्णय घे असा आग्रह होतो. यावर नियम एकच ठेवा: जमलेल्या लोकांसमोर कोणताही निर्णय नाही, सही नाही, दीक्षा नाही, पैसे नाहीत. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. त्यानंतर वेगवेगळ्या धर्मांचे पुढारी त्यांच्याकडे आपापले निमंत्रण घेऊन आले. त्यांनी दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपुरात, एकवीस वर्षे अभ्यास करून. विचारपूर्वक धर्म बदलणे हा माणसाचा हक्क आहे, आणि विचाराला वेळ लागतो.

हे फक्त ख्रिस्ती प्रचारकांपुरते समजू नका. विमानतळावर हातात फूल किंवा पुस्तक देऊन मग देणगी मागण्याची पद्धत अमेरिकेत गाजवली ती हरे कृष्ण भक्तांनी. एकदा वस्तू हातात आली की परत देणे जड जाते, हेच तिथले बळ. हातात दिलेले तिथल्या तिथे परत द्या, किंवा घ्यायचेच तर ‘पैसे देणार नाही’ असे आधी सांगा. १९९२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क परिसरातल्या विमानतळांच्या इमारतींत पैसे मागण्यावरची बंदी कायम केली. साहित्य वाटण्यावरची बंदी मात्र उठवली.

कामाच्या ठिकाणी साहेबच बोलावू लागला तर? ग्रीसच्या हवाई दलातल्या अधिकाऱ्यांचे प्रकरण १९९८ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. हाताखालच्या जवानांना आपल्या पंथात ओढल्याबद्दलची शिक्षा न्यायालयाने योग्य ठरवली, बाहेरच्या नागरिकांशी बोलल्याबद्दलची नाही. ज्याच्या हातात आपली नोकरी किंवा गुण आहेत त्याला नाही म्हणणे अवघड असते, हे न्यायालयाने ओळखले. असे घडले तर तारखा लिहून ठेवा, संदेश जपून ठेवा, नकार ईमेलने द्या.

इकडे आपल्या देशात संविधानाच्या २५व्या अनुच्छेदात धर्मप्रचाराचा हक्क आहे. पण त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले. मला इथे जास्त भीती वाटते ती आजार बरा करण्याच्या आश्वासनाची. प्रार्थनेला कोणी गेले तर जाऊ द्या, पण इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, क्षयाचे औषध एक दिवसही थांबता कामा नये. क्षयाचा कोर्स अर्धवट सोडला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. चमत्काराचा दावा करून फसवणूक किंवा लुबाडणूक झाली, तर महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो: सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. बाबा असो, पास्टर असो की मौलवी, हा कायदा सगळ्यांना सारखा आहे. प्रचारकाला शिव्या देणे, जमाव बोलावणे, त्याचा व्हिडिओ पसरवणे मात्र करू नका. त्यात गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो, आणि एका निरुपद्रवी माणसाच्या जिवावरही बेतू शकते.

शेवटचा प्रश्न आईवडिलांचा: मुलगी आधीच अशा गटात गेली असेल तर काय करायचे? पंथाची टिंगल करू नका, ‘घरी पाय ठेवू नकोस’ असे तर चुकूनही म्हणू नका. घराशी तुटलेल्या माणसाला गट सोडून जायला जागाच उरत नाही. आठवड्याचा फोन चालू ठेवा. धर्म सोडून अभ्यास, जेवण, भावंडे यांविषयी बोला. तिला फक्त तीन गोष्टी विचारा: पासपोर्ट तुझ्याजवळच आहे ना, बँकेचे खाते तुझ्या एकटीच्याच नावावर आहे ना, आणि घरभाड्याचा करार कोणाच्या नावाने आहे? यातल्या एकाचे जरी उत्तर चुकीचे आले, तर त्याच दिवशी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला फोन करा.