डोंबिवली स्थानकाची सतरा अंकी संख्या

(फळा. खडू धरलेला हात.)

१११११११११. नऊ वेळा एक. आता या संख्येला तिनेच गुणायचं, शाळेत शिकलो तसं, ओळीखाली ओळ मांडून. प्रत्येक ओळ तीच, फक्त एक घर डावीकडे सरकलेली. मग उभ्या रांगांची बेरीज. उजवीकडच्या पहिल्या रांगेत एकच एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन. मधल्या रांगेत नऊच्या नऊ ओळी एकमेकींखाली येतात. तिथून पुढे ओळी संपत जातात, तशी बेरीजही उतरते.

१२३४५६७८९८७६५४३२१.

एकं, दहं, शतं म्हणत निघालं, तर डावीकडचा पहिला एक ‘मध्य’ या स्थानावर येतो. परार्ध त्याच्या पुढचंच घर. एवढा मोठा गुणाकार, पण हातचा एकदाही आला नाही, म्हणून ही चढउतार इतकी स्वच्छ दिसते. दहा वेळा एक घेतला की मधल्या रांगेची बेरीज दहा होते, हातचा धरावा लागतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढावरचा आठ गेला.

(डोंबिवली स्थानक. लोकल फलाटाला लागते आहे.)

जीआयपी रेल्वेच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या आधीच्या काळात, गणिती द. रा. कापरेकर डोंबिवली स्थानकाला डेम्लो म्हणत. या संख्यांचा विचार त्यांना इथे सुचला, म्हणून त्यांनी नाव ठेवलं डेम्लो संख्या.

(पुन्हा फळा.)

मधला नऊ झाकू. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. दोन्हींची बेरीज ९९९९९९९९. मध्ये जो अंक झाकला, तोच आठ वेळा.

(देवळालीचा रस्ता.)

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नव्हती, कुठल्या विद्यापीठात जागा नव्हती. पुष्कळशा पुस्तिका त्यांनी स्वतःच छापून घेतल्या. आपल्या मुलांना शाळेतच हे नाव कळायला हवं, आणि ते या गुणाकारासकट कळायला हवं.

(फळा. जवळून.)

आता सतराही अंकांची बेरीज. ८१. आणि ८१ने या संख्येला निःशेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद हे नावही कापरेकरांचंच.

त्याच ८१ने संख्येला गुणलं, तर येतात ९९९९९९९९८००००००००१. हा ९९९९९९९९९चा वर्ग. अठरा अंक मधोमध तोडले, की एका बाजूला ९९९९९९९९८, दुसऱ्या बाजूला आठ शून्यं आणि एक. दोन्ही तुकडे मिळवले, की वर्गमूळ परत हातात येतं, ९९९९९९९९९. ज्या संख्येच्या वर्गाचं असं होतं, तिला आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात.

१९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, आणि नाव सर्वदूर गेलं. १९८६ साली कापरेकर गेले.