पाच घरांचा जोगवा

नमस्कार श्रोतेहो. घट बसलेत, तुमच्याही देवघरात धान्याला कोंब फुटले असतील. आज बोलायचंय ते आईच्या उपासनेतल्या एका वाटेबद्दल. जोगव्याबद्दल, म्हणजे देवीच्या नावानं दारोदार मागायच्या पीठमिठाबद्दल.

तशा वाटा पुष्कळ. कुणी सप्तशतीचे १३ अध्याय वाचतं, कुणी कुंकुमार्चन करतं, कुणी गुरूकडून दीक्षा घेऊन श्रीविद्येची, म्हणजे देवीच्या मंत्र-यंत्राची उपासना करतं. कुणाकडे लग्नानंतर गोंधळ घालतात. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर ही देवीची तीन शक्तिपीठं आणि अर्धं शक्तिपीठ वणीचं, तिथं पायी जाणारे तर हजारो. जोगव्याला मात्र पाठांतर लागत नाही, पैसा लागत नाही. लागते एक परडी, आणि दुसऱ्याच्या दारात उभं राहायची तयारी. मंगळवारी किंवा शुक्रवारी, पाच घरी. पाच घरं, एवढं लक्षात ठेवा.

माझी आत्या चांगल्या खात्यापित्या घरची. तरी नवरात्रात गळ्यात कवड्यांची माळ घालून अनवाणी निघायची. मी नऊ वर्षांची, तिच्या मागं मागं. मला लाज वाटायची. वाड्यातली बाई पीठ मागते म्हणजे काय!

त्या शुक्रवारी चार घरं झाली. पाचवं घर बंद, कुलूप. उरलं ते शेजारचं, तिच्या जावेचं. मधल्या भिंतीवरून दोघींचा अकरा वर्षांचा अबोला. मी म्हटलं, "आत्या, मारुतीच्या मागं घरं आहेत की." ती थांबली. परडी सावरली. म्हणाली, "हे दार टाळून पुढं गेले, तर तो जोगवा कसला गं?"

आणि उभी राहिली दारात. "आई राजा उदे उदे! जोगवा वाढा माय."

बराच वेळ कुणी आलं नाही. आत्या हलली नाही. मग जाऊ आली, सूप घेऊन. ज्वारीचं पीठ, वर मिठाचा खडा. परडीत घातलं, परडीला हळदीकुंकू वाहिलं आणि वाकून नमस्कार केला. आत्यानं आमच्याकडच्या रीतीप्रमाणं परडीतलं चिमूटभर पीठ परत तिच्या सुपात टाकलं. बोलल्या नाहीत दोघी. भिंतीचा वादही मिटला नाही. पण पुढच्या मंगळवारी आत्या निघाली, ती पहिल्यांदा त्याच दारी.

त्या रात्रीची भाकरी पाच घरच्या पिठाची होती. मी दोन खाल्ल्या.

परडीवरून सांगते, हल्ली प्लॅस्टिकच्या परड्या दिसतात, मला ते अजिबात पटत नाही. बुरुडाकडून वेताची, बांबूची घ्या. चार पैसे त्याच्या घरी जाऊ द्यात, तोही आईचाच माणूस. आणि हेही सांगते, मुली देवीला सोडण्याची प्रथा ही उपासना नव्हे. तो अन्याय होता, कायद्यानं बंद झाला ते योग्यच झालं.

एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात जोगवा लिहिला, तोही याच अर्थानं. द्वैत बाजूला सारून माळ घालीन, बोधाची परडी घेईन, आशा-तृष्णेच्या दरडी पाडीन, असं ते म्हणतात. नाथांच्या घरी काय कमी होतं? तरी मागणं मागितलं. मी मोठी, माझं घर मोठं, हे दारात उभं राहिल्याशिवाय गळत नाही. पाच घरं म्हणूनच. आवडतं तेवढंच दार निवडायचं नाही.

उद्या मंगळवार. दारी हाक येईल. पिठाचा डबा हाताशी ठेवा, आणि मीठही. आई राजा उदे उदे!