औषध आधी मारायचं असतं

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे सगळे कार्यकर्ते आणि सांगलीकर मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय 'आरोग्यातली गुंतवणूक'. मी डॉक्टर नाही. पतसंस्थेत 31 वर्षं नोकरी केली, त्यातली 19 सोनेतारणच्या काउंटरवर. मला जे सांगायचंय ते त्या काउंटरवर कळलेलं आहे.

सोनेतारणच्या अर्जात 'कर्जाचे कारण' असा एक रकाना असतो. त्यात माणसं 'घरगुती अडचण' असं लिहितात. समोर बसवून, पाणी देऊन विचारलं की अडचण बाहेर येते. बियाणं, मुलीचं लग्न, मुलाची फी असते. आणि दवाखाना तर असतोच असतो. पेरणीचं सोनं सुगीला सुटतं. दवाखान्याचं सोनं सुटायला फार वर्षं लागतात, कारण कमावता माणूसच अंथरुणात असतो. व्याज भरायला बायको येते, नाहीतर शाळेच्या गणवेशात पोरगा येतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता द्राक्षाचं बोलतो. समोर तासगाव, पलूसकडची मंडळी दिसतात, त्यांना वाटेल हा आपल्याला बाग शिकवतोय. शिकवत नाही, तुमच्याकडूनच शिकलोय. फळछाटणी झाली की बागायतदाराची झोप उडते. आभाळ भरून आलं की पाऊस पडायच्या आधी फवारणीचा ब्लोअर बाहेर काढतो. दावण्या, म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग, दिसायची वाट कुणी बघत नाही. पानावर तो तेलकट पिवळा डाग आला, खाली पांढरी बुरशी धरली, की ते पान गेलं. घडावर उतरला तर वर्ष गेलं. म्हणून औषध आधी मारायचं असतं. हे आपल्याकडं चौथीतल्या पोरालाही ठाऊक आहे.

ज्या बोर्डो मिश्रणाच्या फवारणीवर आपल्या बागा तगल्या त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडायचे, येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की रोगानं आतली बाग झडली, पण रस्त्याकडेच्या वेलींची पानं शाबूत आहेत. 1885 साली त्यांनी ते मिश्रण जगापुढं मांडलं. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. ते रोग बरा करत नाही, पानात शिरू देत नाही. त्याची सगळी किंमत वेळेत मारण्यात आहे.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पक्के बागायतदार. त्यांना विचारून आलोय. म्हणाले, "माझं सांग, खुशाल सांग. गावाचं नाव तेवढं घेऊ नको."

अण्णांच्या वहीत प्रत्येक फवारणीची तारीख. रोज सकाळी पान उलटं करून बघणार. आमच्या संस्थेनं एकदा वर्धापनदिनाला तपासणी शिबिर घेतलं, तिथं मीच त्यांना ओढून बसवलं. बीपी 168 वर 104 निघालं. 140 वर 90 च्या पुढं गेलं की जास्त धरतात, तेही एकदा मोजून ठरवत नाहीत. डॉक्टरांनी दोनतीनदा बोलावून मोजलं, दरवेळी जास्तच. रोज एक गोळी लिहून दिली. अण्णांनी तीन महिने घेतली आणि सोडली. का सोडली? "डोकं दुखत न्हाई, चक्कर न्हाई. मला काय धाड भरलीय? एकदा लागली की जन्माची लागती गोळी."

मंडळी, बीपीची खोड हीच आहे. ते बहुधा दुखत नाही. दुखलं असतं तर आपण बरे सुटलो असतो.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, सकाळी सहाच्या सुमारास, फवारताना अण्णांच्या हातातनं गन पडली. उचलायला गेले तर बोटं मिटेनात. तोंड एका बाजूला ओढलं होतं. मजुरानं बांधावर आणून बसवलं. गडबड झाली, पण कशी? "अंगावरनं वारं गेलंय," म्हणून कुणीतरी तेल चोळणारा आणला. चोळण्यात, चहात, याला त्याला फोन करण्यात दुपार झाली. मला फोन आला तेव्हा मी काउंटरवर होतो, घड्याळात सव्वाबारा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघून. मिरजेत पोहोचायला दीड वाजला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "सुरुवात किती वाजता झाली?" आम्ही सहाच जण होतो, सहाच्या सहा जणांनी खाली बघितलं.

मिरजेचंही मनातलं बोलतो. 1890 च्या दशकात डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तिथं रुग्णालय उभं केलं आणि आपल्या दाराशी वैद्यकीची पंढरी झाली. लांबलांबून लोक तिथं बरे व्हायला येतात. त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्यामुळं आपल्याला एक सवय जडली, 'काय झालं तर मिरज आहे की!' मिरज आहेच हो. पण ती झाल्यानंतरची आहे.

पाचव्या दिवशी वहिनी पाटल्या घेऊन आल्या. चार पाटल्या, सहा तोळ्यांना थोड्या कमी. नातेवाइकाचं कर्ज म्हणून मी सही केली नाही, शेजारच्या टेबलावर दिलं. वजन मात्र माझ्याच हातानं केलं. पाटलीच्या आतल्या खाचेत कणीक वाळून बसली होती. साबण लावून, हात सोलवटून काढल्या होत्या त्यांनी. सोनारानं कसोटीवर घासायच्या आधी ती कणीक मी टाचणीनं काढली. 19 वर्षांत शेकडो दागिने तोलले, त्या दिवशी काट्यावरचा आकडा मला वाचता येईना.

कारणाच्या रकान्यात वहिनींनी लिहिलं होतं, 'घरगुती अडचण'.

जी गोळी सोडल्यापायी हे झालं ती अगदी स्वस्तातली. प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. अण्णा आज काठी घेऊन चालतात, उजवा हात अजून छातीशीच असतो.

सेक्रेटरींनी चिठ्ठी पाठवलीय, दहाच मिनिटं राहिलीत. मुद्दे बरेच आहेत, भराभर घेतो.

मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. त्यात भाजीआमटीतलं आलं, पापड-लोणचं आलं आणि आपलं भडंगही आलं. मी भडंग सोडा म्हणत नाही, सांगलीत तसं म्हणायची छाती नाही. पण ताटात वरनं मीठ वाढायची पद्धत आमच्या घरी आम्ही बंद केली.

चालणं. आठवड्याला निदान 150 मिनिटं, दम थोडा वाढेल इतपत. आमराईत गप्पा मारत रेंगाळणं त्यात धरू नका. शेतात राबणाऱ्यांचे कष्ट धरले जातात, पण पोरं मोटारसायकलवरनं बांधावर जातात, त्यांचे नाहीत.

साखर. रक्तातली साखर उपाशीपोटी 100 ते 125 असेल तर अजून मधुमेह नाही, पण दारात आलाय. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी, ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर चढी राहते पण मधुमेह नाही, अशा दारातल्या 531 माणसांचा अभ्यास केला, 2006 साली तो प्रसिद्ध झाला. सुमारे अडीच वर्षांत, चालणं आणि खाणं सुधारलेल्या गटात मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी कमी झाला. गोळी दिलेल्या गटात 26.4 टक्क्यांनी. चालणं गोळीच्या तोडीस तोड ठरलं, आणि त्याला पावती फाडावी लागत नाही. "मी तर बारीक आहे" म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचं काम बघावं. एका इंग्रज डॉक्टरची आणि त्यांची उंची-वजनाची पट्टी सारखी, 22.3. शरीरातली चरबी मात्र इंग्रजाची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपली चरबी कपड्यात दिसत नाही, पोटात लपते.

मिश्री. हे माझ्या आयाबहिणींना हात जोडून सांगतो. भाजली तरी ती तंबाखूच. दात घासायला म्हणून सकाळी एकदा सुरू होते आणि दिवसातनं चारदा होते. केरळात तिरुवनंतपुरमला आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं नुसती नीट बघितली, चट्टा दिसला की पुढं पाठवलं. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. उजेडात तोंड उघडून बघणं, एवढंच. पान उलटं करून बघता ना, तसं.

भिशीचा मुद्दा राहतोय, तो पुरा करतो. आमच्या गल्लीत वीस घरांची भिशी आहे. दर महिन्याच्या भिशीला आता बीपीचं मशीन मध्ये ठेवतो. पैशाच्या वहीतच शेवटी एक पान आकड्यांचं. ज्याचा आकडा दोनदा चढा आला त्याला पुढच्या आठवड्यात कुणीतरी सोबत करून दवाखान्यात नेतो. हप्ता चुकवला तर दंड, गोळी चुकवली तरी तेवढाच दंड. सहा जणांचं बीपी आम्हाला असंच कळलं, सहाही जण ठणठणीत कामावर आहेत. दंड मात्र आतापर्यंत चौघांनी भरलाय.

ते मशीन आज मी सोबत आणलंय, त्या कोपऱ्यातल्या टेबलावर आहे. मोजायचं असेल त्यांनी चहा आधी घेऊ नका, तंबाखूही नको. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेबलावर. चहाची किटली मी सांगितल्याशिवाय सोडू नका असं कार्यकर्त्यांना बजावलंय. पहिल्या रांगेपासून या.