सातवा सामना

श्रोतेहो, नमस्कार.

२० जून २०१६, सोमवार. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. घरातले सगळे झोपलेले, म्हणून टीव्हीचा आवाज अगदी बारीक करून मी बसलो होतो. तिकडे अमेरिकेत, ओकलंडमध्ये, रविवारची संध्याकाळ होती आणि एनबीए या तिथल्या बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना सुरू होत होता. गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स. त्या सामन्याबद्दल मला आज तुमच्याशी बोलायचंय, पण त्याआधीचे सहा सामने वगळून तो सांगताच येत नाही.

एनबीएत हंगामभर प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. मग १६ संघांचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या, आणि तिथे प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकावे लागतात. एखाद्या दिवशी नशीब फळफळलं म्हणून कुणी पुढे जात नाही. तेच दोन संघ दोन दोन आठवडे समोरासमोर येतात. कोण कुठे वळणार, कोण दमल्यावर हात खाली सोडतो, सगळं एकमेकांना पाठ होतं. मला या खेळातलं सर्वांत जास्त काही आवडत असेल, तर हे.

वॉरियर्सनी त्या हंगामात ७३ सामने जिंकले होते. तोवर एवढे कुणीच जिंकले नव्हते. अंतिम मालिकेतही ते ३-१ असे पुढे होते. त्याआधी ३२ संघ अंतिम मालिकेत असे मागे पडले होते आणि त्यातला एकही सावरला नव्हता. पाचव्या सामन्यासाठी वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनवर बंदी आली. त्या रात्री क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्स आणि कायरी अर्विंग या दोघांनीही प्रत्येकी ४१ गुण केले. सहाव्यात लेब्रॉनचे पुन्हा ४१. मालिका ३-३.

आता सातव्याचा शेवट ऐका. गुणफलक ८९-८९. साडेचार मिनिटांहून थोडा जास्त वेळ उरलेला, आणि त्यानंतर जवळजवळ चार मिनिटं कुणालाच गुण मिळेना! जगातले इतके निष्णात नेमबाज, पण पाय जड झालेले. चेंडू रिंगवर आपटून परत येत होता.

दोन मिनिटांहूनही कमी वेळ उरला असताना वॉरियर्सचा आंद्रे इग्वोडाला चेंडू घेऊन बास्केटकडे सुटला. सोपा ले-अप होता, म्हणजे बास्केटजवळ जाऊन चेंडू अलगद आत सोडायचा. मागून लेब्रॉन धावत आला, उंच झेपावला आणि त्यानं चेंडू बोर्डावर दाबून अडवला. हा ब्लॉक जगभर गाजला. पण श्रोतेहो, त्याच क्षणी जे. आर. स्मिथही तिथे होता. तो समोर उडी मारून आला, म्हणून इग्वोडालाला हवेतच चेंडू सावरून घ्यावा लागला, आणि लेब्रॉनला पोचायला तेवढी निमिषभर उसंत मिळाली. ती चित्रफीत लावली की माझी नजर आजही आधी स्मिथकडे जाते.

मग ५३ सेकंद उरले असताना अर्विंगचा तीन गुणांचा फटका. समोर होता वॉरियर्सचा स्टेफ करी. तो समोर आला हा योगायोग नव्हे. बचावात करीला गाठायचं, हे क्लीव्हलँड मालिकाभर करत आलं होतं. स्क्रीन लावून, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत आपला खेळाडू उभा करून, त्यांनी पुन्हा तेच साधलं. वर्षभरापूर्वी याच वॉरियर्सविरुद्ध, अंतिम मालिकेच्या पहिल्याच सामन्यात, अर्विंगच्या गुडघ्याची वाटी मोडली होती. त्यानं उजवीकडे सरकून चेंडू सोडला, आणि तो आत!

शेवट ९३-८९. लेब्रॉन जमिनीवर कोसळून रडत होता. तो क्लीव्हलँडशेजारच्या ॲक्रनचा. २०१० मध्ये तो संघ सोडून मायामीला गेला, तेव्हा लोकांनी त्याच्या नावाच्या जर्सी जाळल्या होत्या. २०१४ मध्ये तो परतला. त्या शहराच्या कुठल्याही मोठ्या संघानं १९६४ नंतर विजेतेपद पाहिलं नव्हतं. तब्बल ५२ वर्षं. कोर्टवरच्या मुलाखतीत तो रडवेल्या आवाजात ओरडला, "क्लीव्हलँड, हे तुझ्यासाठी!"

तीन दिवसांनी क्लीव्हलँडमध्ये मिरवणूक निघाली. रस्त्यात माणूस माणसाला चिकटलेला, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकताहेत, आणि त्या गर्दीत जर्सी घातलेली म्हातारी माणसं. १९६४ साली ती शाळकरी पोरं असतील.

नमस्कार.