गोधडी उलटी करून दाखवा: हाताच्या वस्तू मोबाइलवर विकताना

नमस्कार मंडळी! ही गोधडी बघा. (गोधडी कॅमेऱ्यासमोर धरून) तुम्ही आठवडी बाजारात असता तर काय केलं असतं? हातात घेऊन वजन पाहिलं असतं. उलटी करून टाके बघितले असते. कड जरा ओढून पाहिली असती. मग विचारलं असतं, "केवढ्याला दिली?" मोबाइलवर गिऱ्हाइकाला यातलं काहीच करता येत नाही. ते एक बदाम टाकतं आणि पुढं सरकतं.

लातूर, परभणी, हिंगोलीकडच्या ताया मला सारखं विचारतात की लाइक भरपूर येतात, ऑर्डर का येत नाही? कारण हेच आहे. बाजारात गिऱ्हाइकाचे हात जे काम करतात, ते काम तुमच्या व्हिडिओनं केलं पाहिजे. फोटोला चमक आणणारं ॲप नको, गुलाबी फुलांची चौकट नको. वस्तू उलटी करा आणि मागची बाजू दाखवा.

पैठणला जाणती बाई पैठणी घेताना आधी पदर उलटा करते. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा मोर मागूनही जवळपास तसाच दिसतो. यंत्रावरच्या नकलेत मागे मोकळे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. पैठणीला 2010 मध्ये जीआय मानांकन, म्हणजे ही वस्तू याच भागाची असल्याची सरकारी ओळख, मिळालं, पण गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो तो उलटा पदर बघूनच. गोधडीचंही तसंच. धावदोऱ्याच्या ओळी मागून किती सरळ आहेत, कोपरा कसा दुमडलाय, आत जुन्या लुगड्याचे किती थर आहेत, हे सगळं दाखवा. वस्तू हाताची असेल तरच हाताची म्हणा. कापड छापील असेल तर "कापड छापील, शिवण हाताची" असं सरळ सांगा. खोटं बोलून एकदा विकलं जाईल, पण ते गिऱ्हाईक परत येणार नाही.

आता उजेडाचं बघू. ट्यूबलाइटखाली रंग बदलतात. मग पार्सल उघडल्यावर "फोटोत तर वेगळा रंग होता" म्हणून भांडण होतं. सकाळचा उजेड दारातून आत येतो तेव्हा वस्तू दाराजवळ ठेवा, अशी की उजेड एका बाजूनं पडेल. (गोधडी वळवून) बघा, समोरून उजेड असताना टाके दिसत नव्हते. आता बाजूनं आला तर एकेक टाका वर उठलेला दिसतोय. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात काढूच नका, सगळं पांढरंफटक होतं. आणि फोनची काच आधी पदरानं पुसा! फोन पिठाच्या, हळदीच्या हातानं उचललेला असतो, म्हणून निम्मे व्हिडिओ धूसर येतात.

तांड्यावरच्या बंजारा भरतकाम करणाऱ्या बायांसाठी एक वेगळी गोष्ट. तुमच्या कामात आरसे असतात, त्यामुळे समोरून शूटिंग केलं की आरशात मोबाइलच दिसतो. फोन जरा तिरका धरा आणि कापड हळूहळू हलवा. आरसे एकामागून एक चमकले की बघणारा थांबतोच.

बोलायचं कसं? घरात बोलता तसं. "ही वाकळ मी आठ दिस झालं शिवायलेय, आतलं लुगडं माझ्या सासूचं हाय," असं बोलणारी बाई लोक शेवटपर्यंत ऐकतात. पुस्तकी मराठी नको आणि मोडकी हिंदी तर मुळीच नको. मात्र बोलताना चार गोष्टी आल्याच पाहिजेत: लांबी-रुंदी फुटात, वजन, धुवायची कशी, आणि किंमत.

किंमत! "किमतीसाठी मेसेज करा" असं लिहिणं बंद करा, ही माझी हात जोडून विनंती आहे. बाजारात कुणी भाव लपवलेला बघितलाय का? विचारायला लाजणारं गिऱ्हाईक तिथूनच निघून जातं. समजा, कापड-दोऱ्याचे 350 रुपये झाले, चार दिवसांचं काम 300 रुपये रोजानं 1200 झालं, पॅकिंगला 50 लागले. म्हणजे 1600. पोस्टाचा खर्च वेगळा. हा हिशोब व्हिडिओत सांगितला तरी चालेल. बाया स्वतःचा रोज धरतच नाहीत, "रिकाम्या वेळात शिवलं" म्हणतात. शेतात खुरपायला गेलात तर रोज घेता ना? मग सुईचा रोजही घ्या.

हे सगळं टाकायचं कुठं? माझं मत स्पष्ट आहे: आधी व्हॉट्सॲप, मग इन्स्टाग्राम. 2020 च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि आपल्या खेड्यापाड्यातल्या किती जणांचे जमवलेले फॉलोअर्स एका रात्रीत गेले! ज्यांच्याकडं गिऱ्हाइकांचे फोन नंबर होते, त्यांचं काही बिघडलं नाही. म्हणून एक वही करा. नाव, गाव, नंबर, काय घेतलं, कुणासाठी घेतलं. बारशाचं दुपटं नेलेल्या घरी वर्षानं वाढदिवस असतो, हे वहीच सांगते.

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट आहे. त्यात कॅटलॉगमध्ये वस्तूचा फोटो, किंमत, माहिती एकदाच भरून ठेवता येते. लेबलं असतात, "पैसे बाकी", "पार्सल पाठवलं" अशी लावा, गोंधळ होत नाही. पण खरी गंमत स्टेटसची आहे. तुमचं स्टेटस त्यालाच दिसतं ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय आणि ज्याचा नंबर तुम्ही सेव्ह केलाय. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेला मेसेजही समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केला नसेल तर पोचत नाही. त्यामुळं विक्री झाली की तिथल्या तिथं सांगा, "ताई, माझा नंबर सेव्ह करा, नवीन माल स्टेटसला टाकत असते." एवढं एक वाक्य कितीतरी जाहिरातींपेक्षा कामाचं आहे.

इन्स्टाग्राम कशाला? अनोळखी लोकांपर्यंत जायला. रील, म्हणजे तिथला छोटा व्हिडिओ, तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांनाही दिसते, पुण्या-मुंबईत गेलेली आपली माणसं तिथंच भेटतात. प्रोफाइलवर गाव, तालुका, जिल्हा आणि व्हॉट्सॲपची लिंक टाका. बिझनेस खात्यावर सिनेमाची बरीच गाणी लावता येत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमचा आवाज आहे की!

वेळेचं थोडक्यात सांगते. हाताच्या कामाला दिवस लागतात, म्हणून दिवाळीचा माल गणपतीतच दाखवायला सुरुवात करा. रुखवताचं सामान लग्नाची तारीख निघते तेव्हा लागतं, ऐन लग्नाच्या आठवड्यात नाही.

आणि हे मात्र कान देऊन ऐका. एक फोन येतो, "मी मिलिटरीत अधिकारी आहे, वीस गोधड्या पाहिजेत, भाव करत नाही, पैसे आत्ताच पाठवतो." मग एक क्यूआर कोड येतो: "स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." स्कॅन करू नका. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. पैसे आल्याचा स्क्रीनशॉटही खरा धरू नका, बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्यावरच पार्सल बांधा. मोठ्या ऑर्डरला निम्मे पैसे आधी मागा, खरं गिऱ्हाईक देतं. आणि फसवणूक झालीच, तर "लोक काय म्हणतील" म्हणून गप्प बसू नका, लगेच 1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन लावा. जितका लवकर लावाल तितके पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त. हा नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा.