खुर्चीपासून दारापर्यंत

(दृश्य: खुर्चीच्या हातांवर टेकलेले दोन तळवे. कॅमेरा अगदी जवळ.)

हे हात नीट बघा. हे गृहस्थ खुर्चीतून उठताहेत. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. आधी दोन्ही तळवे टेकवले, थोडे वर आले, परत बसले. मग अंग पुढे झोकून एका दमात उभे राहिले. दुखलं काही नाही. त्यामुळे डॉक्टरांना सांगण्यासारखं काही नाही आणि घरच्यांनी काळजी करण्यासारखंही काही नाही.

म्हातारपण बऱ्याचदा याच वाटेने आत येतं. उठणं जड झालं की माणूस कमी वेळा उठतो. दाराशी कुणी आलं तर बसल्या जागेवरूनच ‘या’ म्हणतो. संध्याकाळची फेरी ‘आज राहू दे’ म्हणून राहते, आणि मग राहतेच. काही महिन्यांनी लोक म्हणायला लागतात, हल्ली ते कुणात मिसळत नाहीत, स्वभावच बदलला. स्वभाव होता तसाच असतो. मांड्यांतला जोर गेलेला असतो.

ज्येष्ठांना सल्ले देणाऱ्यांची कधीच कमतरता नसते. त्यातला सगळ्यात स्वस्त सल्ला म्हणजे ‘सकारात्मक राहा’. द्यायला सोपा, घ्यायला अशक्य. ज्याला जिना उतरायची धास्ती आहे आणि चारचौघांत बोललेलं नीट कळत नाही, त्याने सकारात्मक राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? म्हणून या माहितीपटात आपण खालून वर जाऊ. आधी पाय, मग कान, मग माणसं. मनाचं शेवटी बघू.

(दृश्य: पायाला छोटं वजन बांधून बसलेल्या आजी. पाय सरळ करतात, थांबतात, खाली आणतात.)

तिशी उलटली की दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होत जातात, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. हे कुणालाच चुकत नाही. पण ‘आता या वयात काय कमावणार’ असं जे सर्रास म्हटलं जातं, ते खोटं आहे.

1990 साली बोस्टनमधल्या एका वृद्धनिवासात 10 जणांवर एक प्रयोग झाला. त्यांचं सरासरी वय होतं 90. आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, मांडीच्या स्नायूंना वजन लावून व्यायाम. तोही लुटुपुटूचा नव्हे, चांगला दमवणारा. एकाने मध्येच सोडलं. उरलेल्या नऊ जणांच्या पायांतली ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे मूळच्या अडीचपटीच्याही वर गेली. दोघांची काठी सुटली. हातांचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नव्हतं अशा तिघांपैकी एक जण तसा उठायला लागला. मग व्यायाम थांबवला, तर चार आठवड्यांत जवळपास एक तृतीयांश ताकद गेली. हा दुसरा आकडा फारसा कुणी सांगत नाही. या वयात कमावलेलं जपायला सततचा हात लागतो.

चालायला जाणं चांगलंच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं धाप न लागणारा पण अंग गरम करणारा व्यायाम सांगते. पण 65 च्या पुढच्यांसाठी तिने आणखी एक गोष्ट घातली आहे, जी फिरायला जाणारे हमखास विसरतात: आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम. त्यासाठी व्यायामशाळा लागत नाही. छातीवर हात बांधून खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, बसताना धपकन न बसता हळूहळू. टेबलाला बोटं लावून एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. हृदयाचा, सांध्यांचा किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं.

तोलाचं एवढं का? 65 वर्षांवरच्या माणसांत दरवर्षी साधारण तिघांपैकी एक जण पडतो. आणि न पडलेल्यांनाही पडण्याची भीती घरात बसवते. भीतीने चालणं कमी, चालणं कमी म्हणून पाय कच्चे, पाय कच्चे म्हणून पडण्याची शक्यता जास्त. या चक्रातली सगळ्यात सोपी कडी घरातच तोडता येते: न्हाणीघरातला दांडा, रात्रीचा दिवा, सरकणारं पायपुसणं. शिवाय झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोल जातोय का, हे एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. वर्षानुवर्षं चालू असलेल्या गोळ्यांकडे पुन्हा बघायचं कुणाला सुचत नाही.

(दृश्य: जेवणाचं टेबल. सगळे हसतात. एक बाई क्षणभर इतरांच्या चेहऱ्यांकडे बघतात आणि मग हसतात.)

पुन्हा दाखवतो. सगळे हसले, त्यानंतर त्या हसल्या. त्यांना विनोद कळला नाही. सगळे हसताहेत एवढंच कळलं.

वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा आवाज एकदम बारीक होत नाही. आधी जातात ते वरच्या पट्टीतले, हवेचे आवाज: स, फ, थ यांच्यासारखे. स्वर शाबूत राहतात. ‘साठ’ म्हटलं की ‘आठ’ ऐकू येतं. म्हणून माणूस प्रामाणिकपणे सांगतो, ‘मला ऐकू येतं, हल्लीची मुलंच तोंडातल्या तोंडात बोलतात.’ त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. आवाज येतो, शब्द सुटतो. त्यातून टीव्ही चालू असेल, चार जण एकदम बोलत असतील, तर मेंदूला उरलेल्या अक्षरांवरून वाक्य जुळवत बसावं लागतं. तासाभरात जीव थकतो. मग एक दिवस निरोप येतो, ‘मी नाही येत, तुम्ही जाऊन या.’

अशा माणसाशी ओरडून बोलण्याने काही होत नाही, उलट शब्द फाटतो. समोर बसावं, ओठ दिसू द्यावेत, टीव्ही बंद करावा, थोडं सावकाश बोलावं. आणि कानाची तपासणी करून घ्यावी. चाळिशीचा चष्मा लागला तर आपण मिरवतो, पण कानाच्या यंत्राची लाज वाटते, हे मला कधीच उलगडलेलं नाही. यंत्र लावल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा खणखणाट, स्वतःच्या चपलांचा आवाज, सगळंच अंगावर येतं. इथेच बरेच जण ते खणात टाकून देतात. मेंदूला सवय व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि यंत्र पुन्हा जुळवून घ्यायला दोन-तीन चकरा.

हा विषय एवढा ताणतोय त्याला कारण आहे. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने 2024 साली स्मृतिभ्रंशाचे 14 टाळता येण्याजोगे धोके मांडले. सगळ्यांवर इलाज झाला तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबणीवर पडतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात बहिरेपणाचा वाटा मोठ्यात मोठ्यांपैकी एक. यादीत उपचार न केलेली कमजोर नजर आहे, हालचालीचा अभाव आहे, आणि एकटं पडणंही आहे. आता ही चार कलमं शेजारी ठेवून बघा. पाय, डोळे, कान गेले की भोवतालची माणसं आपोआप दुरावतात.

(दृश्य: इमारतीचा जिना. दोन शेजारी उभ्या उभ्या बोलताहेत.)

माणसांचं मोल मोजण्याचा सगळ्यात चिवट प्रयत्न हार्वर्ड विद्यापीठाचा. 1938 साली तरुण मुलांची नोंद ठेवायला सुरुवात झाली, आणि ती मुलं म्हातारी होईपर्यंत संशोधकांच्या पिढ्या बदलल्या. पन्नाशीत कोण आपल्या नात्यांत समाधानी आहे, यावरून ऐंशीत कोण ठणठणीत असेल हे जितकं सांगता आलं, तितकं पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून सांगता आलं नाही. 2010 साली 148 अभ्यासांतल्या तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली गेली. ज्यांचे माणसांशी घट्ट बंध होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त निघाली. अर्थात जो धडधाकट आहे तोच चार ठिकाणी जाऊ शकतो, हेही खरंच. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे यात पूर्ण सुटं करता येत नाही.

पण ‘नाती जपा’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मुलं-नातवंडंच येतात. ती कामात असतात, लांब असतात. मला महत्त्वाची वाटते ती तोंडओळख. जिन्यात भेटणारी शेजारीण, वाचनालयात पुस्तक बदलून देणारा, रोज त्याच वेळी फिरायला येणारे गृहस्थ, ज्यांचं आडनावही आपल्याला ठाऊक नाही. ही माणसं दोन दिवस दिसलो नाही तर विचारतात, ‘कुठे होतात?’ एवढी चौकशी पुरते. सकाळी आलेला सुविचाराचा फोटो चाळीस जणांना पुढे ढकलणं म्हणजे गप्पा नव्हेत. फोन उचलून एकाला लावला तर त्या गप्पा.

साठीनंतर नवी मैत्री होत नाही म्हणतात. ‘चला, मैत्री करू’ म्हणून ती कुठल्याच वयात होत नाही. तीच जागा, तीच वेळ आणि काहीतरी सामाईक काम लागतं. झाडांना पाणी घालणं, मुलांचा अभ्यास घेणं, गाण्याचा सराव. त्यातही एखादी जबाबदारी अंगावर असेल तर उत्तम. कार्यक्रमाला नाही गेलं तरी चालतं. हिशेबाची वही आपल्याकडे असली की जावंच लागतं.

(दृश्य: खिडकीत कुंडी. एक हात माती चाचपून बघतो.)

आता मन. 1976 साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी एका वृद्धनिवासात साधा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, आवडेल ते रोप निवडा, त्याला पाणी तुम्हीच घाला. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोप दिलं, पण म्हटलं, परिचारिका बघतील, तुम्ही काळजी करू नका. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, जास्त बोलती आणि खुशीत दिसली. घरोघरी ‘तुम्ही बसा हो, मी करते’ हे वाक्य प्रेमानेच उच्चारलं जातं. पण दिवसातून दहा वेळा ते ऐकणाऱ्याकडे शेवटी बसण्याशिवाय दुसरं काम उरत नाही.

म्हातारपणाबद्दल माणूस स्वतः काय समजतो, यालाही वजन आहे. मानसशास्त्रज्ञ बेक्का लेवी यांच्या 2002 च्या अभ्यासात पन्नाशीपुढचे 660 लोक होते. वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने बघणारे, तसं न बघणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. आणि वय वाढलं की माणूस खचतच जातो हेही खरं नाही. उतारवयात माणसं बोचणाऱ्या गोष्टी लवकर सोडून देतात, ओळखींचा पसारा आपणहून आवरतात आणि मोजक्या माणसांत रमतात, असं मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचं संशोधन सांगतं.

म्हणूनच सतत उदास असणं ‘वयामुळे’ म्हणून झटकून टाकू नये. दोन आठवडे उलटून गेले तरी कशात मन लागत नाही, अन्न जात नाही, पहाटे तीनला जाग येते, ‘माझा भार झालाय’ असं बोलणं येतं, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. सत्तरीतही लागू पडतात. अशा वेळी सुविचार ऐकवत बसू नये, डॉक्टरांकडे घेऊन जावं.

(दृश्य: एक छोटं सभागृह. पेटी, दहा-बारा माणसं, वह्या. दोघांत वाद चालू आहे.)

हा गाण्याचा गट. सगळे साठीच्या पुढचे. भांडण कशावरून? या काकांचं म्हणणं, पट्टी एक सूर खाली घ्या, वर आवाज चिरतो. या बाईंचं म्हणणं, खाली घेतली तर गाणं मरतं, तुम्हीच सराव करून या. पेटीवाले दोघांकडे बघून थकलेत. त्यांनी दोन्ही पट्ट्यांत म्हणून बघायचं ठरवलंय, आणि मतदान पुढच्या बुधवारी आहे. गैरहजर राहणाऱ्याचं मत धरलं जाणार नाही, असं वहीत लिहूनही टाकलंय.